गुरुवारी आलेलं अक्षर

उल्का, सोमवारचं अक्षर तू गुरुवारी पाठवलंस, तिथेच मला शंका यायला हवी होती. अकरा वर्षांत तू एकदाही वार चुकवला नव्हतास. तापाने फणफणलेली असताना, सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसलेल्या असताना, तुझ्या लेकीच्या, सईच्या शाळेत पालकसभा असताना, सोमवारी सकाळी फोनवर एक अक्षर यायचंच. एक सोमवार तुझा, एक माझा. ना 'गुड मॉर्निंग', ना 'कशी आहेस'. नियम तुझाच होता. अक्षराबरोबर काहीही लिहायचं नाही, वाचणारीने आपलं आपण वाचायचं.

आणि मी वाचलं. चुकीचं वाचलं की बरोबर, ते आज तीन आठवडे झाले तरी मला कळलेलं नाही आणि सांगायला तू नाहीस. म्हणून हे लिहायला बसलेय. श्रद्धांजली वगैरे समजू नकोस हं. ती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर झाली, तुझा तो गुलाबी साडीतला फोटो लावून, जो तुला बघवत नसे. मला आपलं भांडण पुरं करायचंय.

भांडण तसं पुण्यातलंच. जपानीच्या वर्गात आपण एका बाकावर बसायचो. तू दर परीक्षेत पहिली आणि मी दुसऱ्याच पायरीवर आपटले. रागारागाने चिनीच्या वर्गात नाव घातलं. सगळ्यांना सांगत सुटले की अक्षरं मुळात चीनचीच आहेत, मग उसनी कशाला शिकायची, मुळापासून शिकू. तू एवढंच म्हणालीस की ही नापास झालेल्या मुलीची सबब आहे. खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

पुढे लग्न करून तू हेमंतबरोबर नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनला आलीस. तो तिथल्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, आणि तू त्या यंत्रांची माहितीपुस्तकं जपानीत नेणारी. दोन वर्षांनी मी तिथून दीड तासावरच्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आले, माल मागवणाऱ्या एका ऑफिसात चिनी कारखान्यांची पत्रं वाचायला. त्यात गंमत अशी, की जपानी कुटुंबं सगळी माझ्या गल्लीत आणि तुझ्या भिंतीला भिंत लावून चीनच्या शू आजी. वाटप करणाऱ्याचा काहीतरी घोळ झालाय, असं तू म्हणायचीस.

शू आजींमुळेच तर आपला खेळ सुरू झाला. त्या लेकाकडे राहायला आलेल्या, त्यांना इंग्रजी येत नाही, डच येत नाही, तुला चिनी येत नाही. पण अक्षरं दोघींना येतात. त्या दिवशी तुझा घसा धरलेला, घरातली किटली बिघडलेली. तू कागदावर 湯 असं लिहून त्यांच्या दारात गेलीस. तुझ्या हिशोबाने सरळ होतं, 'गरम पाणी'. आजींनी कागद वाचला, मान डोलावली, आणि तासाभराने डुकराच्या हाडांचं सूप पातेलंभर आणून तुझ्या ओट्यावर ठेवलं. चिनीत त्याच अक्षराचा अर्थ सूप. आणि तुझी होती चतुर्थी. तू मला फोन केलास तेव्हा हसून हसून तुझा उरलेला आवाजही गेला होता. म्हणालीस, मेधा, ही अक्षरं दोन घरी नांदतात गं, आणि दोन्ही घरांना एकमेकांची खबर नाही. आपण शोधून काढू.

मग दर सोमवारी एकेक निघत गेलं. जपानीत जी जमीन, ती चिनीत पलंग. जपानीतलं टेबल चिनीत यंत्र. एका सोमवारी तू 娘 पाठवलंस. मी उत्तर दिलं, आई. तू लिहिलंस, मुलगी. मग तुझा फोन आला आणि आपण दोघी आळीपाळीने 'आई', 'मुलगी' म्हणत राहिलो. तुझ्या शेजारी सई, तेव्हा सहा वर्षांची, डचमध्ये काहीबाही बडबडत होती, ते मागून ऐकू येत होतं. एकाच अक्षरात एका देशाला आई दिसते आणि दुसऱ्या देशाला लेक. हे कुणी मुद्दाम केलं नाही, ठरवून झालं नाही, शेकडो वर्षं लोक फक्त बोलत राहिले आणि असं झालं. माझ्या अंगावर काटा आला होता. तुझ्याही आला असणार.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. ती लखनौची बाई तुझ्या घरी चहाला आलेली आठवते? कौतुकाने सांगत होती की बिटिया की पूरी शिक्षा यहीं हुई. तुझ्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुणी गेल्यावर हळूच विचारतात कशा, एवढ्याशा पोरीला या लोकांनी शिक्षा कशाबद्दल केली? लिपी तीच, शब्द तोच, आणि एक घर शिकतंय, दुसरं मार खातंय. तो सोमवार आपण देवनागरीला दिला होता.

पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते 走 वरून. माझ्या स्वयंपाकघरात, पाकिटाच्या मागच्या बाजूला तू ते काढून दाखवलंस. अगदी जुन्या काळी ते चित्र होतं. वर दोन्ही हात हलवत निघालेला माणूस आणि त्याच्या खाली एक पाऊल. हात एवढे कोण हलवतं? धावणारा. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी धावणारा माणूस पाहिला आणि हाडावर कोरून ठेवला. चीनमध्येही आधी त्याचा अर्थ धावणं असाच होता. त्याच अर्थाने ते जपानला गेलं आणि तिथे आजही ते 'हाशिरु', धावणं. पण चीनमध्ये लोकांच्या तोंडात तो माणूस हळूहळू दमला. धावता धावता चालायला लागला. आज तिथे ते 'झोउ', म्हणजे चालणं, निघणं. धावायला त्यांनी वेगळं अक्षर घेतलं.

तुझं म्हणणं, खरा अर्थ आमच्याकडे राहिलाय. जुनी ठेव आम्ही सांभाळली. माझं म्हणणं, तुमच्या जपान्यांनी त्याचं लोणचं घालून बरणीत ठेवलंय, आमच्याकडे ते रोजच्या जेवणात आहे, म्हणून बदललं. तू चिडलीस. पुढच्या दोन्ही सोमवारी, माझी पाळी होती त्या दिवशीही माझ्या आधी, तू मला पहिलीतली अक्षरं पाठवलीस. एक आडवी रेघ म्हणजे 'एक'. मग दोन आडव्या रेघा म्हणजे 'दोन'. एवढा सुरेख अपमान माझा दुसऱ्या कुणी केला नाही.

आणि एक प्रश्न तेव्हापासून तसाच पडून राहिला. तू पाठवलेलं अक्षर मी वाचायचं, ते कुणाच्या भाषेत? लिहिणारीच्या की वाचणारीच्या? तू म्हणायचीस लिहिणारीच्या, मी म्हणायचे वाचणारीच्या. ठरवू सावकाश, असं म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात तुझं पोटाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुझा हॉस्पिटलमधून फोन आला. आवाज खोल गेलेला, पण आतून नुसती उकळत होतीस. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई सीमेपलीकडच्या, बेल्जियमच्या. त्या जाताना सांगून गेल्या की अजून काही दिवस 'लोपन' नको. आपण इथे आल्यावर डचच्या पहिल्या धड्यात शिकलो, लोपन म्हणजे चालणं. तू पडलीस आज्ञाधारक. दीड दिवस पलंगावरून पाय खाली टेकला नाहीस, दोन पावलांवरच्या बाथरूमला जायलाही नर्सला बोलावत राहिलीस. तिसऱ्या दिवशी त्या बाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडच्या डचमध्ये लोपन म्हणजे धावणं. चालायचं तर रोज होतं, फक्त धावायचं नव्हतं. तुझ्या घरापासून सायकलने तासाभरात बेल्जियमची हद्द लागते. तेवढ्या अंतरात चालणारा माणूस धावायला लागतो.

"मेधा, आपलं अक्षर इथे येऊन बसलंय गं," तू म्हणालीस. "आपण आयुष्यभर पूर्वेकडे बघत बसलो."

पोटाला टाके पडलेले, हाताला नळी, आणि तुला त्याचं आश्चर्य आवरत नव्हतं. मी मात्र लगेच गुण मोजायला लागले. नेदरलंड्स माझ्या बाजूला, बेल्जियम तुझ्या, म्हणजे बरोबरी. तू म्हणालीस, जुना अर्थ बेल्जियमकडेच असणार, पैज लाव, घरी आले की शोधून सांगते. ते राहिलं. परवा मी शोधलं. तू बरोबर होतीस, उल्का. आधी धावणंच होतं. इथेही माणूस आधी धावत होता आणि मग चालायला लागला. हे तुला फोन करून सांगायला मी नंबर काढलासुद्धा.

त्यानंतरचा तो गुरुवार.

सकाळी पावणेदहाला मी ऑफिसात होते. फोन वाजला, तुझं अक्षर. 走. बाकी नियमाप्रमाणे काही नाही. मला हसूच आलं. डॉक्टर म्हणाले होते की शनिवार-रविवारपर्यंत घरी सोडतील. मला वाटलं, लवकर सोडलं. मी माझ्या भाषेत वाचलं, झोउ. निघाले. सुटले एकदाची इथून. आणि मनात म्हटलं, बघा, शेवटी बाईसाहेबांनी माझा अर्थ मान्य केला. मी जिंकले, असं मला वाटलं. हे तुला सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

उत्तरादाखल मी अंगठा पाठवला आणि लिहिलं, डबा घेऊन येते. अर्धी रजा टाकली. घरी जाऊन मुगाची मऊ खिचडी केली, कढी केली. कढीला कोथिंबीर नव्हती म्हणून पुन्हा दुकानात गेले. इथली कुंडीतली मिळते ती घ्यावी की जुडी, यावर पाच मिनिटं उभी राहिले. एक वाजता निघाले, अडीचला तुझ्या दाराशी. हॉस्पिटलला नाही गं, घरी. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. डबा गरम होता, एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभी होते. दाराशेजारच्या बाकावर तुझे बागेतले रबरी बूट होते, त्यांना मी सांगितलं की मालकीण कुठे अडकली बघा.

शेजारचं दार उघडून शू आजी आल्या. त्यांच्या मुलाला हेमंतने फोन केला होता. मला केलेले चार फोन पर्समध्ये पडून होते आणि पर्स गाडीच्या मागच्या सीटवर. आजी माझ्याशी चिनीत बोलतात, लेकाचं घर सोडलं तर मी एकटीच त्यांचं बोलणं समजणारी.

"ती निघाली," त्या म्हणाल्या. त्यांनी तोच शब्द वापरला. झोउ.

मी विचारलं, "कुठे?"

त्यांनी माझं मनगट धरलं. मग मला कळलं. आपण जसं 'गेली' म्हणतो तसं त्यांच्याकडे 'निघाली' म्हणतात, हे मला गेली पंचवीस वर्षं माहीत आहे. चिनीच्या पुस्तकात तिसऱ्या वर्षाला धडा होता. आणि तरी मी विचारलं, कुठे. आजींनी डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि मला त्यांच्या जिन्याच्या पायरीवर बसवलं.

सकाळी अचानक तुझी तब्येत बिघडली होती आणि तू बारा वाजून दहा मिनिटांनी गेलीस. मी तेव्हा कोथिंबीर निवडत होते.

आता हिशोब कर. पावणेदहाला तुझं अक्षर मी तुझ्या भाषेत वाचलं असतं, तर ते 'धाव' होतं. मेधा, धाव. मी तशीच उठून गाडीत बसले असते तर सव्वाअकराला तुझ्याजवळ पोचले असते. जवळपास एक तास मिळाला असता आपल्याला. तू मला हाक मारत होतीस की निरोप घेत होतीस, की खरंच सुटल्याच्या आनंदात होतीस, यातलं काय? माझ्या भाषेत निरोप आहे, तुझ्या भाषेत हाक आहे. आणि कुणाच्या भाषेत वाचायचं हे आपण ठरवलेलंच नव्हतं. हे मला तीन आठवडे झोपू देत नाहीये, आणि जागेपणी तर त्याहून वाईट.

मी काय काय केलं ऐक. माझ्या जपानी शेजारणीला विचारलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की जपानीत या अक्षरापुढे शेपूट लागतं, त्या शेपटावरून कळतं की धावते, धावले की धाव. नुसत्या अक्षरावरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. तू तर शेपटाची चूक करणाऱ्याला वर्गाबाहेर काढशील. पण खेळाच्या नियमात शेपटाला जागा नव्हती ना, एकच अक्षर. मग शू आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्यात याचा अर्थ 'मी निघाले' होतो, 'तू नीघ' होतो आणि 'चल, निघू या' असाही होतो. म्हणजे कुणी निघायचं तेही त्यात नाही. हेमंतला विचारायचं धाडस झालं नाही. तो तुझ्या चपला अजून दाराशी तशाच ठेवतोय.

कधी कधी मी नुसती ते अक्षर उघडून बघत बसते. सात रेघा. त्या धावणाऱ्या माणसाला कुणी हाडावर कोरलं, मग ब्राँझवर, बांबूवर, कागदावर, समुद्र ओलांडून बोटीतून नेलं, दोन देशांनी त्याच्याकडून दोन कामं करून घेतली आणि शेवटी फेल्डहोवनजवळच्या एका हॉस्पिटलात, नळी लावलेल्या एका पुणेकर बाईच्या बोटातून तो माझ्या फोनमध्ये आला. मला राग येतो, रडू येतं, आणि दोन्ही ओसरलं की उरतं ते आश्चर्यच. उल्का, किती लांबून आला गं तो. आणि तुझ्याकडे एवढं बळ उरलं होतं, ते तू यात घातलंस.

गेल्या रविवारी सई आली होती. सतरा वर्षांची झाली पण चालताना खांदे तुझ्यासारखेच पुढे काढते. तुझा जाडा शब्दकोश मला द्यायला आली, म्हणाली आईने सांगून ठेवलं होतं. तुला माहीतच आहे आमचं कसं चालतं. मी मराठीत बोलते, ती डच आणि इंग्रजीचं कालवण करून उत्तर देते, आणि दोघींना सगळं समजतं. मी तिला पोहे दिले. तिने सगळे शेंगदाणे आधी वेचून खाल्ले.

मग मी विचारलंच. तू तिथे होतीस ना, आईने ते कसं लिहिलं?

तिने सांगितलं की तू फोन मागून घेतलास आणि बोटाने काढायला लागलीस. पहिल्या दोन वेळा हात घसरला, फोनने भलतंच काही दाखवलं. सई म्हणाली मी काढू का, तर तू मान हलवून नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा जमलं. तिने विचारलं हे काय आहे. तू म्हणालीस, मेधामावशीला सांगतेय. काय सांगतेय ते नाही बोललीस. मग डोळे मिटलेस, पण चेहरा बरा होता, सई म्हणाली. घाबरलेला नव्हता. हे तिने दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

तिच्यापुढे रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून उगाच ओटा पुसत राहिले. तिची बस होती. ती दारात बसून बूट घालायला लागली, फोनवर वेळ बघितली, दचकून उठली आणि जाकिटाची चेन ओढत म्हणाली,

"चल मावशी, पळते."

मराठीत. स्वच्छ, पुण्याच्या मराठीत, तुझ्याच सुरात. मी तिचा दंड धरला. म्हटलं, हे कुठे शिकलीस तू? तिला प्रश्नच कळला नाही.

"आई म्हणायची ना, फोन ठेवताना. तुलाच तर म्हणायची. नेहमी."

ती गेली आणि मी दारातच उभी राहिले. तीस वर्षं, उल्का. पुण्याच्या त्या बाकावरून उठताना, एसटीडीच्या बूथमध्ये, इथे आल्यावर रोज संध्याकाळी. चल, पळते. इतक्या वेळा ऐकलं की तो शब्द आहे हेच मला कधी ऐकू आलं नाही. धावणंही तेच आणि निघणंही तेच. तू तुझ्याही भाषेत लिहिलं नव्हतंस आणि माझ्याही नाही. मी जपान पालथा घातला, चीन घातला, बेल्जियमला जाऊन आले, आणि तू आपली घरच्या मराठीत, रोज सांगायचीस तेच सांगून फोन ठेवला होतास. हेच असेल याची खात्री कोण देणार, तू तर नाहीसच. पण सईने तो शब्द उच्चारला तेव्हापासून मला त्या अक्षरात दुसरं काही वाचता येत नाहीये.

त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर असायचं. त्या गुरुवारी मी ते दिलं नाही, अंगठा पाठवला आणि डब्याचं लिहिलं.

बरं. पळ.